कळतं पण वळत नाही, तिथली प्रेमकथा

गेल्या अंकात मी शेवटी एका ओळीत लिहिलं होतं की न्यू अ‍ॅडल्ट रोमान्स, म्हणजे अठरा ते पंचविशीतल्या पात्रांच्या प्रेमकथा, या प्रकाराबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मग जे मेसेज आणि पत्रं आली, बापरे, म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. सगळ्यांची घेता आली नाहीत, ज्यांची राहिली त्यांनी रुसू नका, पुढे घेईन. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गाव.

प्रश्न: ताई, मी २१ वर्षांची आहे, टीवायला आहे. रील्स बघून न्यू अ‍ॅडल्ट रोमान्स वाचायला लागले, आधी भारी वाटलं पण आता कंटाळा आलाय, प्रत्येक हिरो करोडपती नाहीतर आइस हॉकी खेळणारा, आणि हिरोईनला जे आपल्याला दहाव्या पानावर कळतं ते दोनशे पानं कळत नाही. मला आमच्यासारखी माणसं हवीत, ज्यांना आपण काय माती खातोय ते माहिती असतं. आहेत का अशी पुस्तकं? मराठीत आहेत का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: अगं, आहेत. आणि तू जे मागतेयस ना त्याला आपल्याकडे आधीपासून शब्द आहेत, कळतं पण वळत नाही, आई रागावून म्हणते तेच. सेल्फ-अवेअर पात्र म्हणजे ज्याला स्वतःबद्दल सगळं माहिती असतं आणि ते छान छान वाक्यात सांगतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मला विचारशील तर नुसतं माहिती असून काय, माहिती असूनही ती फोन उचलत नाही, तो खोटं बोलतो आणि बोलताना त्याला स्वतःला दिसतंय की मी आत्ता खोटं बोलतोय, हे जिथे लिहिलेलं असतं तिथे माझ्याच्याने पुस्तक खाली ठेववत नाही.

न्यू अ‍ॅडल्ट हे नाव तसं ताजंच आहे. २००९ साली अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशन संस्थेने एक स्पर्धा ठेवली होती, शाळकरी मुलांच्या यंग अ‍ॅडल्टच्या पुढचं, अठरा पार केलेल्या माणसांचं काहीतरी पाठवा म्हणून, तिथून ते नाव रुजलं. मग २०११-१२ च्या सुमारास बऱ्याच लेखिकांनी प्रकाशकाची वाट न बघता स्वतःच ई-बुकं काढली, ती धडाधड खपली आणि मोठे प्रकाशक मागून आले. पात्रं साधारण १८ ते २५ वयाची, घर सुटलेलं, कॉलेज किंवा पहिली नोकरी, पहिलं भाडं, आणि प्रेम अशा वयात की लहान म्हणून कुणी सोडूनही देत नाही आणि मोठं म्हणून कुणी विचारतही नाही. म्हणजे गाभा हा आहे, हॉकीवाले आणि करोडपती तुझ्या रीलने तुझ्यासमोर आणून ठेवलेत.

आता पुस्तकं. सॅली रूनीचं नॉर्मल पीपल, २०१८ चं, घे आधी. तसं ते रोमान्सच्या कपाटात लागत नाही पण तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर मला तेच वाटतं. आयर्लंडच्या पश्चिमेकडचं छोटं गाव, कॉनलची आई मॅरिअ‍ॅनच्या घरी साफसफाईचं काम करते, दोघं एकाच शाळेत, आणि तो तिच्यासोबत आहे हे तो शाळेत लपवतो. पुढे दोघं डब्लिनला कॉलेजात जातात. एका उन्हाळ्यात त्याच्याकडे खोलीच्या भाड्याला पैसे उरत नाहीत, तिच्याकडे फ्लॅट आहे, फक्त विचारायचंय की मी थोडे महिने तुझ्याकडे राहू का, एवढंच. आणि ते त्याच्या तोंडातून निघत नाही. तिला वाटतं याला मी नकोय, त्याला वाटतं हिलाच नकोय, आणि तो गावी निघून जातो. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुस्तकात हात घालून त्याला हलवावंसं वाटलं होतं. त्याला सगळं कळतंय गं, आपली आई तिच्या घरी काम करते म्हणून आपल्याला हे मागता येत नाहीये हेसुद्धा कुठेतरी कळतंय. गरिबी-श्रीमंतीतलं प्रेम आपण सिनेमात शंभरदा पाहिलंय, पण भाडं मागता न आल्यामुळे तुटलेलं मी तरी पहिल्यांदाच वाचलं.

जरा हलकं हवं असेल तर रेनबो रॉवेलचं फॅनगर्ल, २०१३ चं. कॅथ हॉस्टेलवर राहायला येते, आणि तिथल्या मेसमध्ये रांग कशी लावायची, कुठे बसायचं हे माहिती नसल्याने ती मेसमध्ये जातच नाही, खोलीत बसून पाकिटातलं काहीबाही खात राहते. तिला कळतंय की हे वेड्यासारखं आहे, पण नाही जात. गावातून पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलला गेलेल्या कुठल्याही मुलीला विचार. त्यातला मुलगाही बघ कसा आहे, त्याला वाचायला जड जातं, पान डोक्यात शिरत नाही, ती त्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि त्यातून त्यांचं जमतं. कुठे हेलिकॉप्टर नाही काही नाही.

आणि मराठीत का नाही! सचिन कुंडलकरांचं कोबाल्ट ब्लू, २००६. पुण्यातलं घर, भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघं घरात आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. त्या पेइंग गेस्टला पुस्तकभर नाव नाही. एक भाग तनय सांगतो, एक अनुजा, आणि तेच घर तोच माणूस असूनही दोघांना दिसलेला माणूस वेगळा. विशीतल्या माणसांचं, त्याच वयाच्या आवाजातलं इतकं चांगलं पुस्तक मराठीत असताना आपण न्यू अ‍ॅडल्ट हा बाहेरून आलेला प्रकार समजतो याचं मला वाईट वाटतं. जेरी पिंटोंनी २०१३ मध्ये ते इंग्रजीत नेलं, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर सिनेमाही आला, पण तू मराठीतलंच वाच.

त्यानंतर गौरी देशपांडे. एकेक पान गळावया, १९८०. तिथल्या बायका तुझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत पण स्वतःकडे इतक्या स्वच्छ नजरेने बघणाऱ्या, प्रेमात असतानासुद्धा डोळे उघडे असलेल्या, की तुझ्या करोडपतीवाल्या हिरोईन त्यांच्यासमोर पाच मिनिटं टिकणार नाहीत. आणि गौरीबाई म्हणजे महर्षी कर्व्यांची नात बरं का, आपल्या दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्व्यांची. १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून ज्या कर्व्यांना गावाने वाळीत टाकलं, त्यांच्या नातीने पुढे बायकांच्या मनातलं असं लिहावं, हे मला दर वेळी मुरुडच्या किनाऱ्यावर गेले की आठवतं.

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची, पुण्याला शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिच्या बॅगेत एक इंग्रजी पुस्तक दिसलं, कव्हरवर कार्टूनसारखं गोड जोडपं म्हणून सहज उघडलं तर आत सगळं उघडं उघडं लिहिलेलं. मी तिला काही बोलले नाही पण झोप लागत नाही. हे वाचून मुलं बिघडत नाहीत का? (एक आई, चिपळूण)

उत्तर: तुम्ही लगेच काही बोलला नाहीत हे किती बरं केलंत. माझ्याही घरात मुलगी आहे, त्यामुळे ती झोप न लागणारी रात्र मला माहिती आहे.

कव्हरचं आधी सांगते, कारण तिथे तुमची चूक नाही. गेली काही वर्षं मोठ्यांच्या रोमान्स कादंबऱ्यांवर अशी चित्रवाली, गोड, रंगीत कव्हरं टाकायची पद्धत आलीय, त्यामुळे शाळकरी पुस्तक आणि १८ च्या पुढचं पुस्तक दुकानात शेजारी शेजारी ठेवलं तर आपल्याला फरकच कळत नाही. न्यू अ‍ॅडल्ट हे मुळात अठरा पूर्ण झालेल्यांसाठी आहे आणि तुमची लेक १९ ची आहे, म्हणजे पुस्तक योग्य हातात आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात दिसलं असतं तर मी वेगळं बोलले असते.

आता खरं बोलू का, त्या उघड्या प्रसंगांची मला फार काळजी वाटत नाही, मला काळजी वाटते ती त्यातला मुलगा कसा वागतो याची. ती नाही म्हणाली तर तो ऐकतो का. तिचा फोन तपासतो का, मनगट धरून ओढतो का, आणि लेखिका हे सगळं प्रेम म्हणून विकतेय का. अशी पुस्तकं आहेत, खूप आहेत, खपतात, आणि मला ती आवडत नाहीत, हे मी लपवणार नाही. डार्क रोमान्स म्हणून एक वेगळाच विभाग आहे, त्याच्या पहिल्या पानांवर बहुतेक वेळा आत काय काय आहे याची सूचना छापलेली असते, ती बघा.

आणि उलटीही पुस्तकं आहेत. कोलीन हूवरचं इट एंड्स विथ अस, २०१६ चं, मुलींच्या हातात सगळीकडे दिसतं. लिलीने लहानपणी वडील आईला मारताना पाहिलंय, आई सोडून का गेली नाही याचा तिला रागही आहे, आणि मग तिचा स्वतःचा नवरा हात उचलतो आणि ती तीच कारणं स्वतःला द्यायला लागते जी आईने दिली असतील. तिला दिसतं की मी आईसारखं करतेय. ती बाहेर पडते, पण लगेच नाही, मुलगी झाल्यावर. लेखिकेने ते आपल्या आईच्या आयुष्यावरून लिहिलंय. रोमान्स म्हणून उचललेलं पुस्तक असं निघतं, आणि एकोणिसाव्या वर्षी हे पुस्तकात वाचलेलं बरं असं मला आई म्हणून वाटतं.

मी अकरावीत असताना मे महिन्यात घरी एक कादंबरी उशीखाली लपवून वाचत होते. आईच्या हाताला ती लागली, ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पडवीत बसून स्वतःच वाचतेय. आणि संध्याकाळी आमसुलं गोळा करताना एकदम म्हणाली, तो मुलगा काय मला धड वाटत नाही हो. मग आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत त्या मुलाबद्दल बोलत होतो. तुम्ही पण तेच करा. ते पुस्तक वाचा, आणि तिला हे काय वाचतेस असं विचारू नका, यात तुला कोण आवडलं असं विचारा.

प्रश्न: मी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकतो, मुलगा आहे, आणि मला रोमान्स वाचायला आवडतं. रूममेट हसतात. दुसरं म्हणजे पुस्तकं चारशे-पाचशे रुपयांना, तेवढे पैसे नसतात. काय करू? (दापोली)

उत्तर: वाचत राहा रे. हसणाऱ्यांमधला एक जण महिन्याभरात हळूच मागायला येईल, मी लायब्ररीत अनेक वर्षं काउंटरला बसलेय, मुलगे बहिणीसाठी हवंय असं सांगून घेऊन जायचे आणि परत देताना शेवट असा का केला म्हणून माझ्याशीच भांडायचे. मुलीच्या मनात काय चाललंय हे तिच्याच आवाजात तीनशे पानं ऐकायला मिळणं, तेही विशीत, यात लाजण्यासारखं मला काही सापडत नाही.

पैशाचं म्हणशील तर वाचनालयाचा सभासद हो, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, आणि तिथे मागणी वही असते, त्यात पुस्तकाचं, लेखिकेचं नाव नीट लिही. दहा जणांनी लिहिलं की पुढच्या खरेदीत येतं, ग्रंथपालांना रोमान्स नको असतो असं नाही, त्यांना कुणी सांगतच नाही. आपल्या कोकणाला ही सवय जुनी आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं, तरी लोक पुस्तकं घेऊन परत उभे राहिले. एवढ्या जुन्या वाचनालयांच्या मागणी वहीत तुझ्या पिढीचं अक्षर दिसू दे की.

प्रश्न: ताईनू, मी २३ वर्षांचा, मालवणचा. तारकर्लीला स्कुबाच्या बोटीवर काम करतो, पावसात बंद असतं तेव्हा लिहितो. प्रेमकथाच लिहितोय, मुलगा माझ्यासारखाच, मुलगी होमस्टे असलेल्या घरातली. पात्रं आजची, स्वतःला ओळखणारी हवीत. मित्राला वाचायला दिली तर म्हणाला तुझी माणसं डॉक्टरकडे बसल्यासारखी बोलतात. एक परिच्छेद पाठवतोय, काय चुकतंय सांगा. (मालवण)

उत्तर: तुझा परिच्छेद तीनदा वाचला. त्यात मुलगा मुलीला सांगतो, "मी तुला दूर ढकलतोय कारण लहानपणी बाबा आम्हाला सोडून मुंबईला गेले आणि तेव्हापासून मला जवळीकीची भीती वाटते." तुझा मित्र बरोबर बोलला. अरे हे सगळं खरं असेल, पण हे वाक्य तू शेवटच्या पानावर पोचून मागे वळून लिहिलंयस, त्या मुलाला ते मध्येच कसं सुचेल, आणि सुचलं तरी तो तिला किनाऱ्यावर उभं राहून असं सांगेल का. शिवाय सांगून झाल्यावर वाचकाला काही शोधायला उरत नाही, तिला काही बोलायला उरत नाही, मग गोष्ट पुढे कशाने जाणार?

मी काय केलं असतं सांगते. बाबा मुंबईला गेलेत ना, मग ते दर गणपतीला चाकरमानी म्हणून येत असणार, कुडाळ स्टेशनला उतरत असणार. आणि हा मुलगा त्यांना आणायला जातो पण कधीच वेळेवर जात नाही. मुद्दाम नाही, काही ना काही होतं. आता ती मुलगी मुंबईहून येतेय, त्यानेच सांगितलंय मी न्यायला येतो. तो लवकर पोचलाय. स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर बसलाय. गाडी आलेली दिसते, चहा संपलेला आहे, आणि तो दुसरा चहा सांगतो. बस. फार तर त्याच्या मनात एवढं येऊ दे की बाबांशी करतो तेच मी हिच्याशी करतोय, आणि हे मनात आल्यावरसुद्धा त्याला तो दुसरा चहा पिऊ दे. ती बॅग घेऊन बाहेर येते, त्याला बसलेला बघते, रिकामे दोन ग्लास बघते. आता तिला जे वाटेल ते तुला लिहायचंय आणि ते माझ्यापेक्षा तुला जास्त चांगलं माहिती आहे.

दुसरं, तुझ्या कथेत पैसा कुठेच नाही! तू स्वतः बोटीवर काम करतोस आणि तुझ्या हिरोला काय मिळतं, कधी मिळत नाही, याचा एक शब्द नाही, याचं मला फार आश्चर्य वाटलं. पाऊस लागला की तुमच्या बोटी वर ओढलेल्या, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी म्हणून भाऊ-काका पण घरात, नारळी पौर्णिमेशिवाय दर्याकडे बघायचं नाही. आणि तिचं उलटं, मे आणि डिसेंबरमध्ये होमस्टे फुल, पहाटे उठून आंबोळ्या, रात्री मासे तळता तळता अकरा, तिला मेसेज वाचायला वेळ नाही. म्हणजे तिला सवड मिळते तेव्हा याच्याकडे पेट्रोलला पैसे नसतात आणि याच्या हातात पैसे असतात तेव्हा तिला सवड नसते. कॅलेंडरच भांडतंय दोघांशी. जुलैमध्ये ती म्हणेल चल कुठेतरी जाऊ, मी भरते, आणि तो उगाच चिडेल, चिडताना त्याला कळेल की मी तिच्यावर चिडलेलो नाही. हे लिही ना!

आणि जागा. मालवणात दोन माणसांनी भेटायचं कुठे? किनाऱ्यावर टुरिस्ट, बाजारात मावशी, रिक्षावाला वर्गातला. मेडिकलमधून काही आणायचं असेल तर दुकानदार वडिलांना ओळखतो म्हणून हा गाडी काढून कणकवलीला जाईल. त्यातली धास्ती आणि त्यातलं हसू दोन्ही येऊ दे. श्री. ना. पेंडश्यांनी १९५२ मध्ये गारंबीचा बापू लिहिली, बापू आणि राधा, अख्ख्या गावाच्या नजरेसमोर एकमेकांचे झालेले, तेव्हापासून कोकणातल्या प्रेमात गाव हे तिसरं माणूस आहे. तुझ्या कथेत गावच नाही, दोघं जणू बेटावर राहतात.

भाषेचं सांगितल्याशिवाय सोडणार नाही, कारण तुझ्याकडे असं हत्यार आहे जे इंग्रजीत लिहिणाऱ्यांकडे नाहीच. तुझा मुलगा घरी मालवणी बोलतो, टुरिस्टांशी शहरी मराठी बोलतो. मग तिच्याशी काय बोलतो? माझ्या मते जवळ असला की मालवणी, आणि घाबरला, लांब जायला लागला की एकदम शहरी. "माका जमाचा नाय" असं म्हणाला तर ती हसून परत विचारेल. पण "मला जमणार नाही" असं म्हणाला की तिच्या पोटात गोळा येईल, कारण ही त्याची गिऱ्हाइकाशी बोलायची भाषा आहे. एक शब्द न समजावता वाचकाला कळलं की हा पळतोय. तसंच तू आणि तुम्ही. ती त्याला पहिल्यांदा अरे कधी म्हणते, भांडणानंतर परत तुम्हीवर कधी जाते, हे जपून वापर, आपल्याकडे त्या एका अक्षरात अख्खं प्रकरण मावतं.

ट्रॉमा, टॉक्सिक, बाउंडरी हे शब्द काढून टाक असं मी म्हणणार नाही, तुमचं वय ते शब्द खरंच बोलतं. पण ते त्याच्या तोंडी अशा वेळी दे जेव्हा तो त्यांच्या मागे लपतोय. आणि त्याला स्वतःबद्दल एक गोष्ट अजिबात माहिती नसू दे, जी त्याच्या आईला, बहिणीला, बोटीवरच्या पोरांना सगळ्यांना दिसतेय. सगळं कळलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, तू पाहिलायस का?

परत लिहून पाठव. दोन्ही ग्लासांचा प्रसंग तुला दिला, वापर बिनधास्त.

प्रश्न: सगळ्या रोमान्सचा शेवट गोडच का असतो? खऱ्या आयुष्यात तसं होतं का? (अलिबाग)

उत्तर: कारण तो या प्रकाराचा वाचकाशी केलेला करार आहे. शेवटी दोघं एकत्र आणि आशा असलेली, तरच त्याला रोमान्स म्हणायचं, नाहीतर ती नुसती प्रेमकथा. पण न्यू अ‍ॅडल्टमध्ये एक चांगली सोय असते, हॅप्पी फॉर नाऊ म्हणतात तिला, म्हणजे जन्मभराचं माहिती नाही, लग्न नाही, पण आत्ता आम्ही एकमेकांसोबत आहोत आणि ठीक आहोत. बाविसाव्या वर्षी त्याहून जास्त कबूल करणं मला तरी खोटं वाटतं, त्यामुळे असा शेवट मला जास्त पटतो.

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची, गुहागरची. माझा मित्र मर्चंट नेव्हीत आहे, एकदा गेला की सहा-सात महिने जहाजावर. या कादंबऱ्या वाचून मला एक कळलं की मी तुटायच्या आधी स्वतःच तोडणारी आहे, आधीही तसंच केलं होतं. आता दोन दिवस नेटवर्क नसलं, मेसेज आला नाही, की मी रात्री ब्रेकअपचा मेसेज टाईप करते आणि पुसते. मला असं पुस्तक सांगा ज्यात मुलगी हे थांबवते. (गुहागर)

उत्तर: तुझं पत्र मी शेवटी ठेवलं कारण त्याला वेळ लागला.

जहाज म्हटल्यावर मला आधी विश्राम बेडेकरांचं रणांगण आठवलं, १९३९ चं. युरोपातून मुंबईला येणारी बोट, त्यावर निर्वासित ज्यू, चक्रधर आणि हेर्टा यांचं त्या प्रवासापुरतं प्रेम, आणि चक्रधरने आधीच ठरवून टाकलेलं असतं की आता कुणावर विश्वास टाकायचा नाही. मराठीतलं माझं सगळ्यात लाडकं पुस्तक आहे ते. पण तू आत्ता वाचू नकोस. तो जहाजावर असताना नको, तो घरी आला की वाच, दिवसाउजेडी.

तुझ्यासाठी मला जेन ऑस्टेनचं पर्स्युएशन सुचलं. न्यू अ‍ॅडल्ट नाही, दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, १८१७ च्या शेवटी आलं. पण अ‍ॅनने एकोणिसाव्या वर्षी नौदलातल्या मुलाशी ठरलेलं लग्न मोडलंय, लोकांनी समजावलं म्हणून, आणि पुढची आठ वर्षं तिला पक्कं माहिती आहे की तोडलं ते मीच तोडलं. तो कॅप्टन होऊन परत येतो. ती पळत नाही, रडून सांगतही नाही, त्याच खोलीत राहते, त्याच्यासमोर बसते, बोलते, कामं करते. तू विचारलंस ना मुलगी कशी थांबवते, तर मला वाटतं ती अशी थांबवते, खोलीतून उठून जात नाही.

आणि तो टाईप करून पुसलेला मेसेज, त्याबद्दल एकच सांगेन, मी कुणी समुपदेशक नाही पण तुझ्या वयाची होऊन गेलेय. पुढच्या वेळी पुसायच्या आधी वहीत उतरवून ठेव, तारीख घाल. तो जहाजावरून उतरून घरी आला की ती वही त्याच्यासमोर ठेव. जहाजावरच्या माणसाला रात्री अडीच वाजता पाठवलेलं ब्रेकअप आणि अंगणात बसून दाखवलेली वही, यातलं दुसरं तुला जास्त भीतीदायक वाटेल, मला माहिती आहे.

पुस्तक नेटवर फुकट आहे, कॉपीराइट कधीच संपलाय. सुरुवातीला तिच्या वडिलांचा आणि बहिणीचा बडेजाव खूप आहे, तिथे कंटाळून सोडू नकोस, कॅप्टनचं पूर्ण नाव चौथ्या प्रकरणात येतं आणि तो समोर येतो सातव्यात. त्याने तिला लिहिलेलं पत्र तेविसाव्या प्रकरणात आहे, शेवटून दुसऱ्या. आधीच उघडून बघू नकोस.